पाठीमागून, पायाखालून झेल सुटतोय? हाताला दोष देण्याआधी हे तपासा

फ्रिस्बीची डिस्क पाठीमागून किंवा पायाखालून झेलताना तुमच्या बाबतीत नेमकं काय होतंय, ते आधी ओळखा. उजव्या हाताने झेलणाऱ्यांना धरून लिहितो आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

लक्षणं:

- डिस्क बोटांच्या टोकांना चाटून पुढे निघून जाते.
- मनगटावर किंवा कोपराजवळ आदळते.
- हात मागे तयार असतो, पण डिस्क पाठीत किंवा बरगडीत बसते.
- तळहातात येते आणि फिरत फिरत निसटते.
- एका जोडीदाराबरोबर झेल बसतो, दुसऱ्याने फेकली की बसत नाही.
- सकाळी जमतं, संध्याकाळी जमत नाही. किंवा याच्या उलट.
- पायाखालून झेलताना तोल जातो आणि डिस्क गुडघ्यावर लागते.

समोरचा साधा एकहाती झेलही अधूनमधून सुटत असेल, तर इथेच थांबा आणि आधी तो पक्का करा. कमरेखाली आलेली डिस्क अंगठा वर आणि चार बोटं खाली ठेवून घ्यायची, छातीच्या वर आलेली अंगठा खाली आणि बोटं वर ठेवून. पाठीमागचा, पायाखालचा, डोक्यामागचा, सगळे झेल याच दोन पकडींतून होतात, फक्त पकडीची जागा बदलते.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी डिस्क खेळायला येणाऱ्यांना मी हे झेल शिकवतो. दर मोसमात नवे चेहरे येतात आणि तक्रार तीच असते. झेल सुटला की प्रत्येक जण आपल्या हाताकडे बघतो, मग आठवडाभर हातावरच मेहनत करतो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेकदा हाताच्या फार आधी कुठेतरी असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटांत त्या उरकतात. शेवटच्या तपासण्यांना महिने लागू शकतात.

डिस्क

हातातली डिस्क फरशीवर कड खाली करून ठेवा आणि कडेवर चार बाजूंनी बोटाने दाबा. डुगडुगली तर ती वाकली आहे. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर राहिली की हे हमखास होतं. वाकलेली डिस्क हवेत थरथरत येते, आणि जी डिस्क शेवटच्या क्षणी तुम्हाला दिसणारच नाही ती थरथरून चालणार नाही. बऱ्यापैकी गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, हाताने सरळ करून, सपाट जागी वजनाखाली गार होऊ द्या. पूर्वीसारखी नाही झाली तरी सरावापुरती होते.

खेळण्यांच्या दुकानातली पातळ, हलकी फ्रिस्बी असेल तर ती घरच्या लहान मुलांना द्या. अल्टिमेटच्या, म्हणजे डिस्कने खेळायच्या सांघिक खेळाच्या, सामन्यांत १७५ ग्रॅमची, साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची डिस्क वापरतात. डिस्क्राफ्टची अल्ट्रा-स्टार ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. फ्रीस्टाइल, म्हणजे डिस्कच्या कसरती, खेळणारे बरेच जण त्याच कंपनीची १६० ग्रॅमची स्काय-स्टायलर घेतात. या डिस्कचं वजन कडेला जास्त असतं, त्यामुळे फिरकी टिकते आणि दोन सारख्या फेकी सारख्याच जातात. न बघता झेल घ्यायचा म्हणजे डिस्क आपल्या अंदाजाप्रमाणेच येणार यावर भरवसा ठेवायचा, आणि हलकी फ्रिस्बी तो भरवसा देऊ शकत नाही. इथे खर्च करावा लागला तर करा. या यादीत पैसे टाकण्यासारखी ही एकच गोष्ट आहे.

मग कडेवरून बोट फिरवा. काँक्रीटवर घासून आलेले खरखरीत काटे लागले तर बारीक काचपेपरने हलक्या हाताने घासून काढा. काटे बोटाला लागतात, आणि एकदा लागले की पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा प्लॅस्टिकही कडक होतं आणि बोटांवर जोरात बसतं. खेळ सुरू होईपर्यंत डिस्क जॅकेटच्या आत ठेवा, आणि गवतावर दव असेल तर दर दोन-चार फेकींनंतर सुती फडक्याने पुसा.

उभं राहण्याची जागा

सकाळ-संध्याकाळचा फरक पडत असेल तर कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडतं.

वाऱ्याच्या विरुद्ध फेकलेली डिस्क उचलली जाते, मंदावते आणि थोडी तरंगते. वाऱ्याबरोबर फेकलेली लवकर खाली बसते. सरावाला तरंगणारी डिस्क हवी. म्हणून झेलणाऱ्याच्या पाठीवर वारा आणि फेकणाऱ्याच्या तोंडावर वारा, अशी मांडणी करा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नाशिकला संध्याकाळचा वारा बहुतेकदा पश्चिमेकडून, गंगापूर धरणाच्या बाजूने येतो. तेव्हा झेलणाऱ्याने मैदानाच्या पश्चिम टोकाला, मावळतीकडे पाठ करून उभं राहायचं. वारा पाठीवर येतो आणि सूर्यही डोळ्यांत जात नाही. फेकणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं खरं, पण त्याला फक्त एका उभ्या माणसाकडे फेकायचं असतं. तुम्हाला डिस्कची कड दिसायला हवी. टोपी त्याला द्या.

सकाळी हीच जागा धरलीत तर ऊन थेट तोंडावर येईल. थंडीतल्या सकाळी वारा फारसा नसतो, म्हणून उत्तर-दक्षिण उभं राहा आणि वाऱ्याचा विचार सोडून द्या. दिशा कळत नसेल तर चिमूटभर सुकं गवत खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा. गवत दोन हातांपेक्षा लांब जाऊन पडत असेल तर त्या दिवशी पाठीमागचे झेल शिकायला घेऊ नका, तरंगती डिस्क समोरून घ्या.

संक्रांतीनंतरचे काही आठवडे खेळायच्या जागेवरून एकदा चालून या. गवतात तुटलेला मांजा पडलेला असतो, आणि उडी मारून खाली येणाऱ्या पायाला तो दिसत नाही.

खडूची तपासणी

ही माझी सर्वात आवडती तपासणी आहे आणि लोक सर्वात जास्त टाळतात तीही हीच. शाळेतला साधा पांढरा खडू घ्या. डिस्कच्या बाहेरच्या कडेला सगळीकडून जाडसर घासा. डिस्क गडद रंगाची असावी आणि अंगात गडद टी-शर्ट. मग पाठीमागून झेल घ्यायचे प्रयत्न करा आणि दर सुटलेल्या झेलानंतर हात आणि कपडे बघा.

याचा उपयोग असा. झेल सुटला की आपण जे सांगतो तो आपला अंदाज असतो, कारण पाठीमागे काय झालं ते आपण पाहिलेलंच नसतं. "हात उशिरा गेला," असं सांगणाऱ्या एका मुलीच्या हातावर खडूचा पट्टा निघाला तो मनगटाच्या चार बोटं वर, आडवा, अगदी सरळ रेघ ओढावी तसा. हात वेळेवर गेला होता. उलट तो गरजेपेक्षा जास्त बाहेर आला होता आणि डिस्क तळहात ओलांडून पुढे येऊन लागत होती. ती रोज हात आणखी लवकर, आणखी बाहेर काढायचा सराव करत होती, म्हणजे बिघाड वाढवत होती. अर्ध्या पावलाने डावीकडून उजवीकडे सरकल्यावर पट्टा तळहातावर आला.

खडू कुठे लागला त्यावरून पुढे कुठे बघायचं ते ठरवा. बोटांच्या टोकांवर असेल तर डिस्क तुमच्यापासून लांबून जाते आहे, पाय आणि फेक तपासा. मनगटावर किंवा कोपराजवळ असेल तर तुम्ही डिस्कच्या वाटेत जास्त शिरला आहात. टी-शर्टच्या पाठीवर असेल तर तुमचं वळणं अपुरं आहे. अंगठ्यावरच असेल तर उंची चुकते आहे, डिस्क पकडीच्या वरून येते आहे. आणि तळहाताच्या बरोबर मध्यभागी खडू लागूनही डिस्क सुटत असेल, तरच हाताच्या तपासणीकडे जा.

फेक

जोडीदार बदलल्यावर झेल बसेनासा झाला तर तुमच्यात बिघाड शोधत बसू नका.

उजव्या हाताने बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा नेऊन) फेकलेली डिस्क वरून बघितली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते आणि वेग कमी झाला की फेकणाऱ्याच्या डावीकडे कलते. तुम्ही समोर उभे, म्हणजे ती तुमच्या उजवीकडे येते. पाठीमागून झेल घेताना तुमचा उजवा हात पाठीमागून डाव्या कुशीजवळ बाहेर आलेला असतो. डिस्क डावीकडून जाणार म्हणून तुम्ही तयार असता आणि ती शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये आत, अंगाकडे शिरते. पाठीत बसणाऱ्या डिस्कचं हे नेहमीचं कारण. फोरहँडची (हात अंगाच्या बाजूने, तळहात पुढे करून फेकलेली) फिरकी उलटी असते. ती शेवटी तुमच्या डावीकडे, म्हणजे हातापासून दूर पळते आणि बोटांना चाटून जाते.

एका जोडीदाराची सवय बॅकहँडची आणि दुसऱ्याची फोरहँडची असेल, तर त्यांच्या फेकींसाठी तुम्हाला उभं राहायच्या दोन वेगळ्या जागा लागतील. शिकताना एकच फेक ठरवा. मी बॅकहँड घेतो, कारण अंगाकडे येणाऱ्या डिस्कपासून अर्धं पाऊल बाजूला होणं सोपं असतं, पळणाऱ्या डिस्कमागे हात ताणणं कठीण.

फेकणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: अंतर आठ-दहा मीटर, डिस्क सपाट, आणि जोर कमी पण मनगटाचा झटका पूर्ण. फिरकी कमी पडली की डिस्क डगमगते. "हळू टाक" म्हटलं की लोक मनगटही ढिलं सोडतात, आणि सगळा घोटाळा तिथे होतो. पाठीमागच्या झेलासाठी कमरेच्या उंचीवर, पायाखालच्यासाठी गुडघा आणि मांडीच्या मधे, डोक्यामागच्यासाठी खांदा ते कान यांच्या मधे डिस्क यायला हवी. पाच फेकींत तीन त्या उंचीवर येत नसतील तर त्या दिवशी फेकीचाच सराव करा. वाईट फेकींवर झेल शिकलात तर दर वेळी काहीतरी वेगळंच शिकाल.

पाय

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर बिघाड बहुतेक पायांत आहे. समोरच्या झेलात हात पुढे मोकळा असतो, डिस्क इकडेतिकडे झाली तरी हात तिच्यामागे जातो. हात पाठीमागे गेला की त्याला हलायला वीतभर जागा उरते. हाताला टपालपेटीची फट समजा, फट पत्रामागे धावत नाही. म्हणून ती फट योग्य जागी नेऊन ठेवायचं काम पायांचं.

पाठीमागच्या झेलासाठी फेकणाऱ्याकडे तोंड करून उभं राहू नका. उजवीकडे वळा, इतकं की डावा खांदा फेकणाऱ्याकडे येईल. आता उजवा हात पाठीमागून नेला की पंजा फेकणाऱ्याच्या दिशेने उघडा राहतो, अंगठा वर, बोटं खाली, आणि डिस्क पाठीला समांतर जात थेट त्यात येते. न वळता झेल घ्यायला गेलात तर पंजा बाजूला उघडतो आणि डिस्क त्याच्यावरून आडवी घासत जाते. कुणाला शिकवताना मी फक्त "खांदा" एवढाच शब्द ओरडतो.

वळण्याची वेळही महत्त्वाची आहे. डिस्क सुटल्याबरोबर वळलात तर नंतर जागा बदलता येत नाही. आधी समोर तोंड ठेवून डिस्कच्या रेषेत या, छोटी छोटी पावलं टाकत. डिस्क निम्म्या वाटेवर आली की वळा. हात सर्वात शेवटी.

पायाखालच्या झेलात डावी मांडी उचलायची आणि उजवा हात दोन्ही पायांच्या मधून नेऊन मांडीखालून डावीकडे काढायचा. तोल जातो त्यांच्या दोन चुका होतात. एक म्हणजे पाय फार लवकर उचलतात आणि एका पायावर डिस्कची वाट बघत उभे राहतात. दुसरं म्हणजे कमरेतून वाकतात. वाकलं की डोकं खाली जातं आणि डिस्क नजरेतून सुटते. उभ्या पायाचा गुडघा थोडा मोडा, पाठ सरळ ठेवा आणि मांडी वर आणा. हात खाली नेण्यापेक्षा पाय वर आणणं हे ध्यानात ठेवा. उडी मारून हा झेल घेणं फार देखणं दिसतं, पण जमिनीवर उभं राहून पक्का झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

नजर

माणसाला काही दिसल्यापासून हालचाल सुरू व्हायला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. सेकंदाला आठ मीटर वेगाने येणारी डिस्क तेवढ्यात दोनेक मीटर पुढे सरकते. म्हणजे शेवटच्या दोन मीटरमध्ये जे दिसतं त्यावर हात हलवायला तशीही सवड नसते. तरी नजर काढायची नाही, कारण नजर वळली की डोकं वळतं, डोक्यामागे खांदा जातो आणि पंजाची जागा बदलते.

पाठीमागच्या झेलात डाव्या खांद्यावरून डिस्क पार कमरेपर्यंत बघता येते. जोडीदाराला फोनवर हळू गतीचा व्हिडिओ काढायला सांगा आणि फक्त तुमची हनुवटी बघा. डिस्क हातात येण्याआधी हनुवटी समोर वळली असेल तर बिघाड सापडला. पुष्कळ जण झेल घेण्याआधीच फेकणाऱ्याकडे बघून मोकळे होतात.

डोक्यामागचा झेल मात्र खरोखर अर्धा आंधळा असतो, आणि डिस्क कानाजवळून जाते. चष्मा काढून ठेवा, आणि पहिले काही दिवस मऊ कापडी डिस्कने करा.

हात

खडू तळहाताच्या मध्यावर आणि तरी डिस्क निसटते, अशांसाठी हा भाग. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. पंजा ताठ आणि पूर्ण उघडा असेल, तर डिस्क आदळून परत उसळते. अंगठा आणि बोटांमधे डिस्कच्या कडेच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त फट ठेवा, बोटं सैल. किंवा पंजा वेळेआधी मिटत असेल. डिस्क खोबणीत शिरून अंगठ्याच्या बेचक्याला लागली की मगच मिटायचं. त्या स्पर्शाची वाट बघायला हात शिकतो, पण त्यासाठी घरी भिंतीकडे तोंड करून उभं राहा आणि कुणाला तरी मागून डिस्क हातात नुसती सरकवायला सांगा, न फेकता. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी आहे.

सांधे

आरशासमोर उभं राहून उजवा हात पाठीमागून डावीकडे काढा. डाव्या कुशीच्या बाहेर निदान बोटांची मुळं दिसायला हवीत. नुसती टोकं दिसत असतील तर कितीही सराव केलात तरी पंजा उघडायला जागाच नाही. दुसऱ्या हाताने हेच करून बघा. दोन्ही सारखे आखडलेले असतील तर रोज पंच्याने ताणा: एक टोक डाव्या हातात डोक्यामागे, दुसरं उजव्या हातात पाठीमागे, आणि वरच्या हाताने हळूहळू ओढा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. फरक पडायला काही आठवडे लागतात. तोवर पायाखालचा झेल घ्या, त्याला खांदा इतका मागे न्यावा लागत नाही.

एकच खांदा आखडलेला असेल तर ताणू नका, पुढचं वाचा.

इथे खेळ थांबवायचा

हात मागे किंवा वर नेताना एका खांद्यात कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, किंवा दुसऱ्याने हात धरून वळवला तरी तो वळत नाही, अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. चाळिशीनंतर, आणि विशेषतः मधुमेह असेल तर, खांदा जाम होण्याचं प्रमाण जास्त असतं. सरावाने तो मोकळा होईल या आशेवर महिने घालवू नका.

डिस्क बोटाच्या टोकावर बसली आणि त्यानंतर शेवटचं पेर खाली लोंबतंय, स्वतःच्या जोरावर सरळ होत नाही, तर ते "थोडं मुरगळलं" नसतं. तिथला स्नायुबंध तुटलेला किंवा हाडाचा टवका निघालेला असू शकतो. वेळेत गेलात तर बहुतेक वेळा साध्या पट्टीवर भागतं, पण ती सहा ते आठ आठवडे अखंड ठेवावी लागते, अंघोळीलाही न काढता. बोट ओढून "बसवून" देणाऱ्यांकडे जाऊ नका.

उडीतून खाली येताना गुडघ्यात टक् असं वाजलं, काही तासांत सूज आली किंवा चालताना गुडघा दगा देतोय, तर त्याच दिवशी दाखवा. डोळ्याला डिस्क लागून अंधुक दिसत असेल, काळे ठिपके किंवा चमक दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे.

जाताना फोनवरचा तो हळू गतीचा व्हिडिओ बरोबर न्या आणि नेमक्या कोणत्या हालचालीला दुखतं ते दाखवा. "खेळताना लागलं" एवढं ऐकून डॉक्टरांना पाठीमागे हात नेऊन घेतलेला झेल डोळ्यांसमोर येत नाही. परवानगी मिळाल्यावर पहिला आठवडा फक्त समोरचे झेल घ्या, दोन्ही हातांनी, आणि मग यादीतल्या डिस्कपासून पुन्हा सुरू करा.